पाळी चुकली की गोळी बंद?

हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेल्या बायका बहुतेक एकच विचारतात, मला मूल होऊ शकेल का? ही तरुणी मात्र निर्णय घेऊनच आली होती. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने तिचा मायट्रल व्हॉल्व्ह निकामी झाला आणि तिथे मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम यांत्रिक व्हॉल्व्ह बसवला गेला. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनमुळे बाळात व्यंग येतं, असं तिच्या कानावर आलं होतं. "पाळी चुकली की गोळी बंद करणार. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

त्या वाक्यावर मी तिला थांबवलं. गरोदरपणात रक्त गोठण्याचं प्रमाण मुळातच वाढतं. अशात गोळी सोडली तर गुठळी धरून व्हॉल्व्ह अडकतो, किंवा ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. आईही जाते, बाळही जातं. मला सगळ्यात जास्त भीती या गुपचूप सोडलेल्या गोळीचीच वाटते.

तिची काळजी मात्र खरी होती. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. 6 ते 12 आठवड्यांच्या काळात त्याने नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो. रोजचा डोस 5 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर हा धोका बराच कमी असतो. डोस त्याहून जास्त असेल, तर त्या आठवड्यांपुरती वॉरफरिनऐवजी हेपॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं देण्याचा विचार होतो. ते वारेतून जात नाही. मग पूर्ण नऊ महिने हेपॅरिनच का नको, असं तिने विचारलंच. कारण व्हॉल्व्हला त्याने वॉरफरिनइतकं संरक्षण मिळत नाही, आणि सतत रक्त तपासून डोस बदलावा लागतो. पूर्ण बिनधोक मार्ग नाही, हे मी कुणापासूनच लपवत नाही.

तिचा डोस 4 मिलिग्रॅम होता. तरी पुढचं पाऊल दिवस राहण्याआधीच टाकायचं होतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. तो भार हृदयाला पेलेल का, हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचं. तोवर इस्ट्रोजेन नसलेलं गर्भनिरोधक. हे ऐकून ती हिरमुसली, पण थांबायला तयार झाली.

नवरा इतका वेळ गप्प होता. रात्री शांततेत तिच्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते, असं तो म्हणाला. मी त्याला बजावलं, तो आवाज मंदावला किंवा तिला अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

36 व्या आठवड्याच्या सुमारास वॉरफरिन थांबवून हेपॅरिन देतात, कारण गोळी चालू असताना कळा आल्या तर बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हा बदलही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

निघताना तिने विचारलं, गोळी चालू असताना अंगावर पाजता येईल? येईल. वॉरफरिन दुधात जवळजवळ उतरत नाही.