नवा बॅकअप तपासल्याशिवाय जुन्याला हात लावू नका

रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा आणि सात दिवसांपूर्वीचे आपोआप डिलीट करायचे, त्यासाठी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) फाइंडची (फाइली शोधून डिलीटही करणारी कमांड) एक ओळ पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. ओळ चालेल. पण मी ती माझ्या सर्व्हरवर ठेवणार नाही आणि तुम्हीही ठेवू नये.

मी तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेत हिशेब बघते, सर्व्हरही माझ्याकडेच आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या माणसाने आमच्याकडे अगदी हेच लावून दिलं होतं. मायएसक्यूएल-डंपचं (डेटाबेसचा मजकूर बाहेर काढणारी कमांड) आउटपुट पाइपने, म्हणजे थेट जोडून, जीझिपला (फाइल दाबून लहान करणारी कमांड), आणि खाली सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवणारी फाइंडची ओळ. मी तेव्हाच विचारलं होतं, आजचा बॅकअप धड झालाय की नाही हे न बघता जुना का उडवायचा? त्यावर मॅनेजरसाहेबांसमोर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही व्हाउचर बघा, हे सगळं ऑटोमॅटिक आहे." दर शनिवारी मी हाताने एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी काढायचे, त्यालाही जुनी सवय म्हणून हसायचे.

पुढे ऑडिटरने सांगितलं म्हणून डेटाबेसचा पासवर्ड बदलला. कंपनीने तो सॉफ्टवेअरमध्ये बदलला, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये (या कमांडच्या फाइलमध्ये) बदलायचा राहिला. त्या रात्रीपासून डंप नापास होत होता, पण जीझिप आपलं काम चोख करत होतं. आत काहीच आलं नाही तरी ते रिकामी, 20 बाइटची फाइल बनवतं आणि "झालं" म्हणून सांगतं. पाइपमध्ये बॅशला (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडचाच निकाल दिसतो. म्हणजे फोल्डरमध्ये रोज नव्या तारखेची फाइल हजर, आणि दुसरीकडे फाइंड रोज एक चांगला बॅकअप संपवतोय. आठवड्याभरात सगळे खरे बॅकअप गेले. फोल्डर बघणाऱ्याला मात्र सात तारखा, सात फाइली, सगळं जागच्या जागी.

मार्चएंडला डिस्क गेली. माझ्या शनिवारच्या कॉपीवरून डेटा परत आला. मधल्या दिवसांच्या नोंदी व्हाउचर आणि पिग्मी एजंटांच्या पावत्यांवरून सगळ्या स्टाफने रात्री बसून पुन्हा टाकल्या. कंपनीचं म्हणणं, "स्क्रिप्टमध्ये एरर नव्हता." संचालकांच्या मीटिंगच्या इतिवृत्तात "तांत्रिक बिघाड" एवढंच आहे. हा बिघाड नव्हता. तो बेजबाबदारपणे लिहिलेला नियम होता आणि हे मी आजही तोंडावर सांगते.

लहान संस्थांतच असं होतं असंही नाही. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर जुने लॉग (कामकाजाच्या नोंदींच्या फाइली) साफ करणाऱ्या स्क्रिप्टनेच संशोधकांचा सुमारे 77 टेराबाइट डेटा उडवला. स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती टाकली गेली. बॅश फाइल वाचत वाचत चालवतो, त्यामुळे मधूनच नवा मजकूर वाचला गेला, फोल्डरचं नाव ठेवणारे व्हेरिएबल (स्क्रिप्टमधल्या माहितीच्या जागा) रिकामे राहिले आणि फाइंड भलत्याच जागी चालला. म्हणून स्क्रिप्ट बदलायची तर वेगळ्या नावाने लिहून मग एमव्हीने (फाइल हलवणारी कमांड) जागेवर आणा, आणि सुरुवातीला सेट -यू टाका, म्हणजे न भरलेलं व्हेरिएबल दिसताच स्क्रिप्ट थांबेल.

आता तुमची स्क्रिप्ट. वर सेट -ओ पाइपफेल हवंच, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड नापास झाली तरी ते कळेल. बॅकअप आधी तात्पुरत्या नावाने घ्या. जीझिप -टी ने फाइल तपासा, उघडून शेवटी डंप पूर्ण झाल्याची ओळ आहे का बघा, आकार कालच्यापेक्षा फारच कमी असेल तर थांबा आणि मेल पाठवा. हे सगळं पास झालं तरच खरं नाव द्या, आणि त्यानंतरच, त्याच स्क्रिप्टमध्ये, जुने काढा. काढताना वय बघू नका, संख्या बघा: ताजे चौदा ठेवा, बाकीचे काढा. बॅकअप महिनाभर बंद पडला तरी चौदा चांगले शिल्लक राहतात. रेस्टिक या बॅकअप प्रोग्राममधला कीप-डेलीचा (रोजचे किती ठेवायचे) नियमही असाच चालतो, ज्या दिवशी स्नॅपशॉट (त्या वेळचा बॅकअप) आहे तेच दिवस तो मोजतो. आमच्या कंपनीचा माणूस याला "उगाच गुंतागुंत" म्हणाला होता. पाच-सहा ओळी जास्त लिहायला लागतात, त्याला गुंतागुंत म्हणत नाहीत.

फाइंडच वापरायचा हट्ट असेल तर डिलीट कायम ओळीच्या शेवटी लिहा. तो वयाच्या अटीच्या आधी आला तर अट बघायच्या आतच सगळं साफ होतं. फाइंडमधली वयाची अट एमटाइम +7 म्हणजे पूर्ण आठ दिवस झालेल्या फाइली, सात नव्हे. आणि क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) थेट तारखेचा फॉरमॅट लिहिणार असाल तर टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतो.

एक राहिलं. तपासणीशिवाय संख्येचा नियमही फसतो, चौदा रिकाम्या फाइली चांगल्यांना बाहेर ढकलतील. शिवाय हे सगळं त्याच डिस्कवर असेल तर डिस्कबरोबर बॅकअपही जाईल. माझी शनिवारची कॉपी अजून चालू आहे, आता ती दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून शिल्लक जुळते का तेही बघते. त्याला कोणी काही म्हणत नाही.