ट्रॅव्हिसवरून गिटहब ॲक्शन्सवर जाताना रिलीज पॅकेजेस कशी हलवावीत?

ट्रॅव्हिस आणि गिटहब ॲक्शन्स ही कोड बदलला की चाचण्या आणि बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणे) आपोआप चालवणारी सीआय साधने. ट्रॅव्हिसवरच्या चाचण्या तुम्ही गिटहब ॲक्शन्सवर नेल्या आहेत आणि त्या नीट चालतही आहेत; आता लिनक्स, विंडोज आणि मॅकसाठीची रिलीज पॅकेजेसही तिकडे न्यावीत का आणि कोणत्या क्रमाने, असे तुम्ही विचारले आहे. न्यावीत, असे माझे मत आहे, कारण एका प्रकल्पासाठी दोन सीआय साधने सांभाळत बसले की त्यांतले कमी वापरातले साधन नेमके रिलीजच्या दिवशी रुसते. मात्र हे काम चाचण्या हलवण्याइतके सरळ नाही. चाचणी मोडली तर ते तुम्हाला लगेच दिसते. पॅकेज बिघडले तर ते बहुधा वापरकर्त्याला आधी कळते, आणि तोवर सीआयवरची खूण हिरवीच असते.

पहिले काम जुन्या जागीच करावे. पॅकेज तयार करण्याच्या ज्या आज्ञा ट्रॅव्हिसच्या यॅमल फाइलमध्ये (काय चालवायचे ते सांगणाऱ्या मजकूर फाइलमध्ये) विखुरल्या असतील, त्या रिपॉझिटरीतल्या, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातल्या, एका स्क्रिप्टमध्ये आणाव्यात आणि यॅमलमध्ये ती स्क्रिप्ट चालवणारी ओळ तेवढी ठेवावी. स्क्रिप्ट आणि साधन एकाच वेळी बदलले, तर पुढे काही बिघडल्यावर दोष कशाचा हे शोधणे फार अवघड जाते.

खरी अडचण बिल्डच्या यंत्रावर आहे. उबुंटू २०.०४ या लिनक्समध्ये जीलिबसीची (बहुतेक प्रोग्रामना लागणाऱ्या मूलभूत सी लायब्ररीची) आवृत्ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९, नव्या आवृत्तीवर तयार केलेला प्रोग्राम जुन्या लिनक्सवर अनेकदा सुरूच होत नाही, आणि ॲक्शन्समध्ये बिल्डचे यंत्र निवडणारे 'उबुंटू-लेटेस्ट' हे लेबल काही काळाने आपोआप पुढच्या आवृत्तीकडे सरकते. म्हणून लिनक्सची बिल्ड तुम्हीच निवडलेल्या जुन्या प्रतिमेच्या (तयार लिनक्स साच्याच्या) कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात, करावी. पायथॉनच्या जगात मॅनीलिनक्स२०१४ ही प्रतिमा सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर, आधारलेली आहे ती याच कारणासाठी. मॅकवर आणखी एक सापळा आहे: २०२४ पासून 'मॅकओएस-लेटेस्ट' हे लेबल ॲपल सिलिकॉनच्या यंत्रांकडे जाते, त्यामुळे वेगळे काही सांगितले नाही तर तुमचे पॅकेज इंटेलच्या मॅकवर चालणार नाही. किमान कोणत्या मॅकओएसवर ते चालावे, हेही डिप्लॉयमेंट टार्गेटने स्पष्ट सांगावे.

दोन लहान गोष्टी वेळ खातात. ॲक्शन्सचे चेकआउट (कोड यंत्रावर आणणारी पायरी) मूळ मांडणीत फक्त शेवटची कमिट, म्हणजे बदलाची शेवटची नोंद, आणते, त्यामुळे गिटच्या टॅगवरून (कमिटला दिलेल्या नावावरून) आवृत्ती क्रमांक काढणारी स्क्रिप्ट गडबडते. तिथे फेच-डेप्थ शून्य ठेवून पूर्ण इतिहास मागवावा. आणि आर्टिफॅक्ट (बिल्डमधून जपून ठेवलेले फळ) म्हणून चढवलेल्या फाइलींची एक्झिक्युटेबल परवानगी वाटेत गळते, म्हणून त्या आधी टार करून (परवानग्यांसह एका फाइलीत बांधून) मगच चढवाव्यात.

गुपितांबाबत, म्हणजे प्रकाशनासाठी लागणाऱ्या किल्ल्या आणि टोकनबाबत, थोडे सावध राहावे. ट्रॅव्हिसमध्ये कूटबद्ध करून ठेवलेल्या किल्ल्या परत वाचता येत नाहीत, म्हणजे नव्या काढाव्याच लागतात, आणि माझ्या मते ते बरेच आहे. पायपीआयवर (पायथॉन पॅकेजेसच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर) प्रकाशित करत असाल तर २०२३ पासून उपलब्ध असलेले ट्रस्टेड पब्लिशिंग वापरावे. त्यात कायमचा टोकन कुठेही साठवावा लागत नाही. इतरांच्या ॲक्शन्स वापरताना आवृत्तीच्या टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (त्या कमिटचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहावा. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या 'चेंज्ड-फाइल्स' या ॲक्शनचे जुने टॅग दुष्ट कमिटकडे वळवले गेले होते. तेव्हा ज्यांनी आधीच्या कमिटचा हॅश लिहिला होता, त्यांच्यापर्यंत तो कोड पोहोचला नाही.

यानंतर एकच टॅग दोन्ही साधनांवर चालवावा आणि तयार झालेली पॅकेजेस डिफोस्कोप या फाइलींमधले फरक दाखवणाऱ्या साधनाने ताडून पाहावीत. सोर्स डेट ईपॉक हा बिल्डची वेळ पक्की करणारा चल ठरवून दिला नसेल तर वेळेच्या नोंदींमुळे फरक दिसणारच, तो सोडून द्यावा; गहाळ फाइल, वेगळी लायब्ररी किंवा बदललेली परवानगी दिसली तर मात्र थांबावे. मग प्रत्येक पॅकेज बिल्डची साधने नसलेल्या कोऱ्या यंत्रावर बसवून चालवावे. पहिली खरी रिलीज नव्या मार्गाने बाहेर पडली की ट्रॅव्हिसवरची जोडणी काढावी आणि त्याला दिलेले सर्व टोकन ज्या त्या रजिस्ट्रीत जाऊन रद्द करावेत, कारण नुसती यॅमल फाइल पुसल्याने ते निकामी होत नाहीत.