न्यूयॉर्कमध्ये चूक समोरच्या चालकाची असतानाही दुखापतीची भरपाई आपल्याच गाडीच्या विमा कंपनीकडे का मागावी लागते?

न्यूयॉर्क हे नो-फॉल्ट पद्धतीचे राज्य असल्यामुळे, चूक कोणाची हे ठरण्याची वाट न पाहता, तुम्ही ज्या गाडीत होता तिच्या विमा कंपनीने उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा ८० टक्के भाग (महिन्याला कमाल २,००० डॉलर, तीन वर्षांपर्यंत) द्यायचा असतो. मूळ संरक्षणाची एकूण मर्यादा माणशी ५०,००० डॉलर आहे. त्यासाठीची लेखी सूचना अपघातापासून ३० दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त जपायला हवे ते इथेच, कारण दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला या मुदतीची अनेकदा कल्पनाच नसते.

वेदना आणि मनस्ताप यांची भरपाई मात्र या विम्यातून मिळत नाही. तिच्यासाठी दोषी चालकावर दावा लावावा लागतो आणि तो दुखापत कायद्याच्या व्याख्येत ‘गंभीर’ ठरली तरच टिकतो: उदाहरणार्थ, हाड मोडणे, ठळक विद्रूपता, किंवा अपघातानंतरच्या १८० दिवसांपैकी किमान ९० दिवस नेहमीची कामे करता न येणे. या शेवटच्या निकषासाठी ‘पाठ दुखते’ एवढी नोंद पुरत नाही. जिना चढता येत नाही, मूल उचलता येत नाही, असे डॉक्टरांकडून तपासणीच्या तारखेसह लिहून घ्यावे. असा दावा दाखल करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षे आहे.