‘नियंत्रित टर्मिनल’ नव्हे, नियंत्रक टर्मिनल

प्रश्न असा : ‘कंट्रोलिंग टर्मिनल’ला, म्हणजे चालू प्रोग्रॅम (प्रोसेस) ज्या टर्मिनलला बांधलेले असतात त्याला, मराठीत ‘नियंत्रित टर्मिनल’ म्हणावे का, आणि सी प्रोग्रॅममध्ये त्याचा पाथ कसा काढायचा?

‘नियंत्रित’ म्हणू नका. हा शब्द सारखा कानावर येतो आणि दर वेळी अर्थ उलटा करतो. कंट्रोल-सी दाबले की समोर (फोरग्राउंडला) चाललेल्या प्रोसेसना सिगइंट हा थांबण्याचा इशारा जातो, टर्मिनलची खिडकी मिटली की सेशन लीडरला, म्हणजे त्या गटातल्या मुख्य प्रोसेसला, सिगहप हा टर्मिनल तुटल्याचा इशारा. ताबा टर्मिनलचा, ताब्यात प्रोसेस. म्हणून नियंत्रक.

खरी गोडी ‘टर्मिनल’मध्ये आहे. लॅटिन टर्मिनस म्हणजे शिवेचा दगड. रोमन लोक त्याला देव मानून 23 फेब्रुवारीला पूजत. संस्कृतात तर्मन् म्हणजे यूपाचे, यज्ञातल्या खांबाचे, टोक, आणि मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात त्या शब्दापाशीच टर्मिनसकडे बोट दाखवलेले आहे. धातू तॄ, आपल्या तरणे आणि तारू यांचा. म्हणून टर्मिनलला नुसता ‘अंत’ हा अर्थ देऊन थांबणारे कोशकार मला मुळीच पटत नाहीत. ही शीव आहे, ओलांडायची जागा : अलीकडे माणूस, पलीकडे प्रोसेस. आणि युनिक्समधले टर्मिनलचे नाव टीटीवाय म्हणजे ‘टर्मिनल टाइप’ असे सांगणाऱ्यांनी तर जुन्या युनिक्सचा ‘नॉट अ टाइपरायटर’ हा ईनॉटीटी या त्रुटीचा संदेश आठवावा. टीटीवाय टेलिटाइपचा, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या टंकयंत्राचा, दुसऱ्या कशाचाही नाही.

आता पाथ, लिनक्सवरचा. टीटीवायनेम(0) फक्त 0 या डिस्क्रिप्टरमागचे, म्हणजे प्रोग्रॅमच्या इनपुटमागचे, उपकरण सांगते; इनपुट फाइलकडे वळवले की नल, म्हणजे रिकामे उत्तर, मिळतो. सीटर्मआयडी() नेहमी ‘/डेव्ह/टीटीवाय’ देते, टर्मिनल नसले तरी. टर्मिनल नाही हे ती फाइल उघडताना ईएनएक्सआयओ ही त्रुटी आल्यावरच कळते. उघडून टीटीवायनेम विचारले तरी परत ‘/डेव्ह/टीटीवाय’च.

खरे नाव /प्रॉक/सेल्फ/स्टॅट या प्रोसेसची माहिती देणाऱ्या फाइलच्या सातव्या रकान्यावरून, तिथल्या टर्मिनलच्या उपकरण-क्रमांकावरून, काढावे लागते. स्पेस मोजत जाऊ नका, कारण दुसऱ्या रकान्यातल्या प्रोग्रॅमच्या नावात स्पेस आणि कंससुद्धा असू शकतात. शेवटचा बंद कंस शोधा. त्यानंतरचा पाचवा रकाना हवा. 0 आला तर नियंत्रक टर्मिनल नाही. 34819 आला तर 8 ते 15 बिटांत मेजर (उपकरणाचा प्रकार) 136, उरलेला मायनर (त्या प्रकारातला क्रमांक) 3 : /डेव्ह/पीटीएस/3. मायनरचे खालचे आठ बिट 0 ते 7 मध्ये आणि वरचे 20 ते 31 मध्ये असतात. नुसते 256ने भागून बाकी घेणारा कोड पीटीएस/256 ला पीटीएस/0 समजतो. मेजर 4 असेल तर मायनर 1 ते 63 कन्सोलचे, 64 पासून सीरियल पोर्ट. बनवलेल्या पाथवर स्टॅट() चालवून त्यातला उपकरण-क्रमांक एसटी_आरडेव्ह या मेजर-मायनरशी जुळतो का ते पाहा, मगच तो वापरा.