फ्रान्समध्ये जन्मलेला फुटबॉलपटू कालिदू कुलिबाली सेनेगलकडून कसा काय खेळतो?
आई-वडील सेनेगलचे, त्यामुळे नागरिकत्व दोन्ही देशांचं. 2011 चा वीस वर्षांखालील विश्वचषक तो फ्रान्सकडून खेळला होता. पण ज्युनियर संघातून खेळल्यावरही फिफा अशा खेळाडूला देश बदलू देते. 2015 मध्ये त्याने सेनेगल निवडलं.

क्लब कारकीर्द फ्रान्सचा मेट्झ, बेल्जियमचा गेंक आणि मग इटलीचा नापोली, तिथे आठ वर्षं. माझ्या मते खरा कुलिबाली नापोलीचाच. इंग्लंडच्या चेल्सीत एकच हंगाम टिकला, 2023 मध्ये सौदीच्या अल हिलालकडे गेला.

सेनेगल निवडण्याचा निर्णय चुकला म्हणावं, तर 2022 च्या सुरुवातीला त्याच्याच नेतृत्वाखाली सेनेगलने पहिल्यांदा आफ्रिका चषक जिंकला. त्याच वर्षी विश्वचषकात इक्वाडोरविरुद्ध विजयी गोलही या बचावपटूचाच!

(आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही, त्यामुळे भारताकडून खेळायला परदेशी पासपोर्ट सोडावाच लागतो.)