भावाला पोटातला अॅन्युरिझम निघाला, बाकीच्या भावंडांनी तपासून घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: मुंबईच्या थोरल्या भावाच्या पोटातल्या महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) ५.७ सेंमीचा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, निघालाय. वडील साठीत असताना पोट आणि पाठ भयंकर दुखून तासाभरात गेले, तेव्हा सगळे 'अॅटॅक' म्हणाले. गुहागरला तुम्ही ५४ वर्षांच्या, धाकटा भाऊ ५१ चा, दोघांनाही त्रास काही नाही. डॉक्टर म्हणाले, दुखत नाही तर कशाला तपासता?

तपासा, आणि दोघंही तपासा. माझ्या वडिलांना हाच आजार होता. त्यांच्या ऑपरेशननंतर सर्जननी आम्हा भावंडांची सोनोग्राफी करायला लावली, त्यात माझी महाधमनी रुंदावलेली सापडली. तेव्हापासून मी नियमित तपासणीवर आहे. मी डॉक्टर नाही, पण या आजाराबरोबर घरात बरीच वर्षं काढली आहेत.

हा फुगा फुटेपर्यंत बहुतेकांना दुखतच नाही, म्हणून दुखण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पोटातली महाधमनी साधारण २ सेंमी रुंद असते. ३ किंवा जास्त झाली की अॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ च्या आसपास ऑपरेशनचा विचार सुरू होतो. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात, त्यात विडी-सिगारेट असली तर विचारूच नका. धाकटा भाऊ ओढत असेल तर आजच बंद करायला सांगा. ब्रिटनमध्ये सगळ्या पुरुषांना ६५ व्या वर्षी एकदा सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडे तशी सरकारी मोहीम नाही, आपणच उठून जायला हवं. घरात आजार असेल तर कधी तपासायचं यावर मतं वेगळी आहेत: अमेरिकेतले व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन ६५ ते ७५ म्हणतात, युरोपातले पन्नाशीपासूनच विचार करा म्हणतात. तुमच्या घरातली वडिलांची हकिकत पाहता मला युरोपचं पटतं.

वडिलांचं शवविच्छेदन झालं नसेल तर नक्की काय होतं ते आता कळणार नाही. तरी डॉक्टरांना 'अॅटॅक' एवढंच सांगू नका. कुठे दुखत होतं, घाम आला का, शुद्ध कधी गेली, सगळं सांगा. गणपतीला चाकरमानी घरी येतील तेव्हा म्हाताऱ्या आत्या-काकांना बसवून विचारा आणि लिहून काढा: कोण अचानक गेलं, कितव्या वर्षी, कसं. आपल्या वंशावळीत मुलींची नावं नसतात. इथे त्या हव्यात. सासरी गेलेल्या आत्या, बहिणी आणि त्यांची मुलं, सगळे. हा वारसा लेकीकडूनही पुढे जातो.

एक गोष्ट भावाच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा: छातीतली महाधमनी बघितली का? पोटाच्या सोनोग्राफीत छातीतलं दिसत नाही, त्याला इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा सीटी लागतो. छातीतल्या फुग्यात आनुवंशिकता जास्त ठळक असते. घरात कुणी चाळिशीच्या आत गेलं असेल, कुणी फार उंच, लांबसडक बोटांचं, डोळ्यांतलं भिंग सरकलेलं असेल, तर मारफान सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो, आणि मग पन्नाशीची वाट न बघता मुलांचीसुद्धा तपासणी लागते.

आता सोनोग्राफी. चिपळूण-रत्नागिरीला सहज होते. सकाळी उपाशीपोटी जा. चिठ्ठीवर 'महाधमनीची रुंदी मोजावी, भावाला अॅन्युरिझम' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाहीतर रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' एवढाच शब्द येतो आणि आकडा नसतो. आकडा मागा, मिलिमीटरमध्ये. 'गॅसमुळे नीट दिसली नाही' असा शेरा आला तर ती तपासणी झाली असं धरू नका, पुन्हा करा. पुढच्या वेळीही शक्यतो त्याच सेंटरला जा, कारण हात बदलला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

सगळं नीट निघालं तर युरोपच्या सूचनांप्रमाणे दहा वर्षांनी पुन्हा बघायचं. ३ च्या वर निघालं तरी घाबरू नका. ब्रिटनमध्ये ४.४ पर्यंत वर्षातून एकदा आणि त्यापुढे ५.४ पर्यंत दर तीन महिन्यांनी मोजतात. तुमचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील. बीपी ताब्यात ठेवायचं. तापाला किंवा जुलाबांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन लिहिलं तर 'आमच्या घरात अॅन्युरिझम आहे' असं सांगून दुसरं काही चालेल का ते विचारा. या गटातल्या अँटिबायोटिक्सबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलेला आहे.

भावाच्या ऑपरेशनची तारीख मात्र लांबवू देऊ नका. ५.७ म्हणजे गणपती उरकून बघू असा आकडा नाही. तोवर त्यांना गावाकडचा प्रवास नको. अचानक पोटात, कमरेत किंवा पाठीत जोराची कळ आली, चक्कर आली, तर गॅसची गोळी देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि पहिलंच वाक्य अॅन्युरिझमचं सांगा, नाहीतर मुतखडा समजून तिथेच वेळ जातो. सीटी आणि व्हॅस्क्युलर सर्जन दोन्ही असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं ते भावाच्या घरच्यांनी आजच ठरवून ठेवावं, आणि त्याच्या रिपोर्टचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू दे.