बायकांमधलं नैराश्य आणि चिंता आधीच रोखण्यासाठी गट कोचिंग खरंच उपयोगी पडतं का? पडत असेल तर गट कसा चालवावा?

उपयोग होतो, पण तुम्ही कोणाला गटात घेता आणि सत्रात वेळ कशावर घालवता यावर तो बराच अवलंबून असतो. सरसकट सगळ्यांसाठी घेतलेल्या व्याख्यानवजा सत्रांचा परिणाम फार थोडा दिसतो. ज्यांना सौम्य लक्षणं सुरू झाली आहेत किंवा ज्यांचा धोका मुळातच जास्त आहे, त्यांच्यासाठीच्या छोट्या गटांचा परिणाम जास्त ठळक असतो. धोका जास्त म्हणजे गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, आधी नैराश्य येऊन गेलेल्या, आजारी माणसाची एकटीनं शुश्रूषा करणाऱ्या, घरात हिंसा सोसणाऱ्या. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं (आजार रोखण्याच्या उपायांवर शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटानं) २०१९ मध्ये धोका असलेल्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांना समुपदेशनाकडे पाठवण्याची शिफारस केली. त्यात ज्या दोन पद्धतींचा पुरावा भक्कम मानला गेला, त्यातली एक विचार-वर्तनावर काम करते आणि दुसरी नातेसंबंधांवर. दोन्ही गटात घेता येतात.

गट ६ ते ८ जणींचा असावा. गळती होतेच, म्हणून सुरुवातीला १० जणी घ्या. आठवड्यातून एकदा, ९० मिनिटं, ८ सत्रं. चालवणाऱ्या दोघी हव्यात, कारण एखादी रडत बाहेर गेली तर एकीला तिच्या मागे जावं लागतं. दुसऱ्या सत्रानंतर नवीन कोणाला घेऊ नका. न आलेलीला दोन दिवसांत फोन करा. लहान मुलं सांभाळायची सोय नसेल तर सगळ्यात जास्त गरज असलेल्याच आधी गळतात.

सुरू करण्याआधी प्रत्येकीशी एकटीशी बोला आणि पीएचक्यू-९ (नैराश्याची) व जीएडी-७ (चिंतेची) या प्रश्नावल्या भरून घ्या. दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. पहिलीत ० ते २७ आणि दुसरीत ० ते २१ गुण असतात. ५ ते ९ म्हणजे सौम्य लक्षणं. प्रतिबंधाच्या गटात मुख्यतः याच बायका असाव्यात. १० किंवा त्याहून जास्त आले तर आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी. थायरॉइडचा त्रास आणि रक्तक्षयही थकवा-उदासीसारखेच दिसतात, तेही तपासून घ्यावं. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर कागद फाइलमध्ये घालू नका. त्याच दिवशी, त्याच जागी, बाजूला घेऊन सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही. जीव देण्याचा मार्ग तिनं ठरवलेला असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, रुग्णालयात न्यायचं.

आता सत्राबद्दल. माझ्या मते बहुतेक गट इथेच फसतात. मन मोकळं करायला जागा मिळाली की तेच मुख्य काम होऊन बसतं. एकजण दुःख सांगते, बाकीच्या हळहळतात, पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा. सगळ्यांना बरं वाटतं, पण तेच तेच उगाळणं हे नैराश्य वाढवणाऱ्या ठळक सवयींपैकी एक आहे आणि जवळिकीत ते आणखी मुरतं. म्हणून घटना सांगायला तीनेक मिनिटं द्या, नीट ऐका आणि मग विचारा, ‘यातलं कोणतं टोक या आठवड्यात तुझ्या हातात आहे?’

९० मिनिटांची विभागणी साधारण अशी ठेवा: १० मिनिटं प्रत्येकीनं आपल्या मूडचा ० ते १० मधला आकडा सांगायला, ३० मागच्या आठवड्याच्या सरावावर, २५ नवीन कौशल्याला, १५ पुढचा सराव ठरवायला, १० समारोपाला. घाई झाली तर कात्री नवीन कौशल्याला लावा, सरावाच्या चर्चेला नाही. बदल दोन सत्रांच्या मधल्या सहा दिवसांत घडतो.

पहिली तीन सत्रं कृतींवर खर्च करा. रोज काय केलं आणि त्याआधी-नंतर मूड किती, ० ते १० मध्ये, एवढंच लिहायचं. मग प्रत्येकीनं आठवड्यात तीन छोट्या कृती ठरवायच्या. वार, वेळ, जागा आणि मिनिटांसकट. ‘चालायला जाईन’ हे पुरेसं नाही. ‘मंगळवारी सात वाजता, १५ मिनिटं’ असं हवं. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, यादीत सगळी घरकामंच येतात. तिन्हींपैकी निदान दोन तिच्या स्वतःसाठी असायला हव्यात. दुसरी, ‘मन लागलं की करीन’. मन लागण्याची वाट पाहायची नाही, कृती आधी आणि मूड मागून. घरात कोणी वही उघडून बघत असेल तर लिखाण बंद, फक्त आकडा लक्षात ठेवायचा.

चौथ्या सत्रात काळज्या वेगळ्या करायच्या. जी सुटण्यासारखी आहे तिला पहिलं पाऊल आणि तारीख. जी नाही ती करायला रोज ठरलेली १५ मिनिटंच, झोपेच्या आधी नको. पाचव्यात टाळाटाळीची शिडी: भीती वाटणारे प्रसंग ० ते १० लावून ३ किंवा ४ पासून सुरुवात, भीती उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. दरवेळी कोणाला तरी सोबत नेलं तर शिडी पुढे सरकत नाही. सहाव्यात स्वतःला टोचणारे विचार तपासणं. सातव्यात मदत मागण्याचा आणि नाही म्हणण्याचा जोडीनं सराव. मात्र जिच्या घरी मारहाण होते तिच्याकडून नकाराची वाक्यं पाठ करून घेऊ नका. ती घरी म्हणणं धोक्याचं ठरू शकतं. तिच्यासाठी आधी सुरक्षिततेची योजना, तीही एकटीशी बोलून.

आठव्या सत्रात प्रत्येकीनं आपल्या घसरणीच्या तीन खुणा लिहायच्या: पहाटे जाग येणं, फोन न उचलणं, अंघोळ टाळणं, जे तिचं असेल ते. प्रत्येक खुणेसमोर लिहायचं, ती दिसली की पहिल्याच दिवशी काय करायचं आणि कोणाला कळवायचं. मग एका, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेट, दोन्ही प्रश्नावल्यांसह. शेवटच्या सत्रात गुण उतरलेले दिसले म्हणून लगेच गटाचं यश मानू नका. माणूस सहसा वाईट काळातच मदतीला येतो, त्यामुळे थोडी सुधारणा आपसूकही होते. सहा महिन्यांनी काय दिसतं ते जास्त विश्वासार्ह.